देवयानीची तसबीर

कार्तिकातल्या निरभ्र रात्री, नऊच्या सुमारास, भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन माथ्यावर आलेला असतो. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यापासून ठळक ताऱ्यांची एक रांग तशीच पुढे निघते. हाच देवयानी तारकासमूह. रांगेतील मधल्या ताऱ्यापाशी थांबावे, तेथून वायव्येकडे दोन मंद तारे ओलांडावेत आणि दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी शेजारी नजर रोखून पाहावे. गावातील दिव्यांचा उजेड नसेल आणि चंद्र मावळलेला असेल, तर तेथे धुराच्या पुसट ठिपक्यासारखे काहीतरी दिसते. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपैकी इतकी दूरची वस्तू दुसरी जवळजवळ नाही. त्या ठिपक्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचण्यास सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात. हा आकडा आज शाळेतील मुलालाही सांगता येतो. १८८८ साली तो कोणालाच ठाऊक नव्हता. आणि ज्या गृहस्थाने त्या ठिपक्याचे खरे रूप प्रथम जगापुढे मांडले, तो त्याचा अंतराचा अर्थ न जाणताच निवर्तला.

हा ठिपका जुन्यांच्या ओळखीचा होता. दहाव्या शतकातील इराणी ज्योतिर्विद अल् सूफी याने इ. स. ९६४ च्या आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची लहानशा ढगाप्रमाणे नोंद केली आहे. १६१२ मध्ये सायमन मारियस या जर्मन ज्योतिर्विदाने त्यावर दुर्बीण रोखली, तेव्हा त्याला शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीची आठवण झाली. काचेची तावदाने महाग होती, त्या काळात कंदिलांना शिंगाचे पापुद्रे लावीत. त्यामुळे ही उपमा तेव्हाच्या वाचकाला चटकन पटली असावी. पुढे मेसिए या फ्रेंच धूमकेतुशोधकाच्या यादीत त्या ठिपक्याला एकतिसावा क्रमांक मिळाला. दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, पण मेणबत्तीची ज्योत काही स्पष्ट होईना. १८४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी पंधरा इंची भिंगाच्या दुर्बिणीतून पाहून तेजोमेघाचे काळजीपूर्वक चित्र काढले. त्यांना त्याच्या एका बाजूस दोन काळ्या, जवळजवळ सरळ रेषा दिसल्या. तेजाच्या मैदानातून दोन कालवे खणून नेले असावेत, तशा. हे कालवे म्हणजे काय, याचा उलगडा पुढील चाळीस वर्षे कोणालाही झाला नाही.

अडचण दुर्बिणीची नव्हती, डोळ्याची होती. मनुष्याचा डोळा क्षणाचा एखादा अंश एवढाच काळ प्रकाश साठवतो आणि लगेच पाटी पुसून पुन्हा कोरी करतो. चालत्या-बोलत्या जगात हे सोयीचेच आहे, नाहीतर धावणारा घोडा आपल्याला लांबलचक पट्टा दिसला असता. परंतु अतिशय मंद वस्तूकडे तासभर टक लावली, तरी पहिल्या क्षणी जे दिसले त्याहून फारसे अधिक दिसत नाही. उलट डोळा थकतो, आणि थकलेला डोळा नसलेल्या गोष्टीही पाहू लागतो. शिवाय जे दिसले ते हाताने कागदावर उतरवायचे. एकाच तेजोमेघाची दोन वेधकारांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच वस्तूची आहेत यावर विश्वास बसू नये, अशी त्या काळची स्थिती होती. तेजोमेघ बदलला की चित्रकार बदलला, हा वाद मिटण्यास काही साधनच नव्हते.

फोटोग्राफीची काच प्रकाश साठवते. पहिल्या मिनिटाचा प्रकाश ती विसरत नाही. त्यात दुसऱ्या मिनिटाचा भर पडतो, तिसऱ्याचा पडतो. परंतु प्रारंभीच्या ओल्या कलोडियनच्या काचा रसायन ओले असेपर्यंतच कामाच्या, म्हणजे फार तर दहा-पंधरा मिनिटे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनमध्ये रौप्यक्षार मिसळून कोरड्या काचेची युक्ती सुचवली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. त्या वाळण्याचे भय नव्हते. दुर्बिणीच्या नाभीशी ती काच एक तास ठेवा, दोन तास ठेवा. वेधकाराचा धीर टिकेल तोवर ती टिकत होती.

या नव्या साधनाचा फायदा प्रथम उठवला तो बहुतांशी हौशी मंडळींनी, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोठ्या सरकारी वेधशाळा ताऱ्यांची स्थाने मोजणे, पंचांगे तयार करणे, जहाजांना वेळ पुरवणे अशा नेमलेल्या कामांत गुंतलेल्या होत्या. तेजोमेघांच्या मागे लागण्याची मुभा होती ती स्वतःच्या पैशाने स्वतःच्या परसात दुर्बीण उभारणाऱ्याला. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीच्या काठी स्वतःची वेधशाळा बांधलेल्या डॉ. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी एक्कावन्न मिनिटे काच उघडी ठेवून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन हे मैलापाण्याच्या व्यवस्थेचे अभियंते आपल्या घराच्या बागेत छत्तीस इंची आरशाची दुर्बीण चालवीत. १८८३ मध्ये त्यांनी त्याच तेजोमेघाचे चित्र अवघ्या सदतीस मिनिटांत घेतले, आणि त्यात असे तारे उमटले की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. काच डोळ्याच्या पुढे गेली, ती येथे.

मृगातील तेजोमेघ मात्र तेजस्वी आहे. देवयानीचा तेजोमेघ त्या मानाने फार मंद. त्याच्या मध्यावर थोडा उजेड, बाकी सारा पसारा आकाशाच्या काळोखात विरघळलेला. त्यासाठी तासांचा हिशेब करावा लागणार होता. तो करणारा मनुष्य इमारती बांधण्याच्या धंद्यातला होता.

आयझॅक रॉबर्ट्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२९ रोजी वेल्समधील डेन्बीशायर परगण्यात झाला. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर लिव्हरपूलला आले. विद्यापीठाचे शिक्षण नाही. बांधकामाच्या पेढीत उमेदवारी केली, धंदा शिकले, पुढे स्वतःचा धंदा उभारला आणि त्यात चांगला पैसा मिळवला. प्रथम त्यांना नाद लागला भूगर्भशास्त्राचा. पाया खणणाऱ्याला दगडमातीच्या थरांविषयी कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच. आकाशाकडे ते वळले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. १८७८ च्या सुमारास त्यांच्याकडे कुक यांच्या कारखान्यातील सात इंची भिंगाची दुर्बीण होती. १८८२ मध्ये ते लिव्हरपूलनजीकच्या मगल या गावी राहावयास गेले आणि पुढल्या वर्षी त्यांनी छायाचित्रणाचे प्रयोग आरंभले. निरनिराळी भिंगे जोडून पाहिल्यावर त्यांनी निर्णय घेतला की या कामाला भिंग नव्हे, आरसा हवा.

हा निर्णय का घेतला, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण नेमके एकाच ठिकाणी आणीत नाही. डोळ्यासाठी घडवलेले भिंग पिवळे-हिरवे किरण नीट जुळवते; परंतु त्या काळच्या काचांना चटक होती निळ्या-जांभळ्या प्रकाशाची, आणि तो प्रकाश भिंगातून भलतीकडेच जुळत असे. आरशाला असा पक्षपात नाही. सर्व रंग तो एकाच नाभीशी आणतो. रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून वीस इंच व्यासाची, शंभर इंच नाभ्यंतराची परावर्तक दुर्बीण करवून घेतली. आरसा काचेचा, वर चांदीचा मुलामा. १८८५ मध्ये ती मगल येथे उभी राहिली. सामान्यतः अशा दुर्बिणीत एक लहान आरसा प्रकाश बाजूला वळवून डोळ्याकडे देतो. रॉबर्ट्स यांनी तो काढून टाकला आणि फोटोची काच थेट नळीच्या तोंडाशी, मोठ्या आरशाच्या नाभीवरच बसवली. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश बुडतो; बांधकामाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला ही गळती खपली नसावी. शंभर इंचांच्या या नाभ्यंतरात दोन अंशांचे आकाश सुमारे साडेतीन इंचांत मावते. पूर्ण चंद्राचे चित्र घेतले असते तर ते इंचाहून किंचित लहान आले असते.

जुनी सात इंची दुर्बीण त्यांनी टाकून दिली नाही. तीही त्याच अक्षावर चढवली, एकीचा भार दुसरीने तोलावा अशी. मोठी दुर्बीण चित्र घेई, धाकटी पहारा ठेवी. कारण चार तासांत पृथ्वी साठ अंश फिरते. वजनाच्या ओढीवर चालणारे घड्याळयंत्र दुर्बिणीला उलट दिशेने फिरवीत असते, पण कितीही उत्तम दातेरी चाक घ्या, त्याचा कोठेतरी एखादा दाता केसभर उणाअधिक असतोच. तारा क्षितिजाकडे उतरू लागला की हवेच्या वक्रीभवनाने त्याची जागा किंचित सरकते. नळी आपल्याच वजनाने जराशी वाकते. यांतील कोणत्याही एका कारणाने तारा काचेवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका सरकला, तरी त्याचा ठिपका न राहता फराटा होतो. म्हणून धाकट्या दुर्बिणीतील कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन आडव्याउभ्या तारांच्या छेदावर एक तारा धरून ठेवायचा, आणि तो डळमळला की हाताने यंत्र सावरायचे. डिसेंबरातील इंग्लंडची थंडी, खोलीला ऊब देता येत नाही कारण उबेने हवा थरथरते, छपराची फट उघडी, आणि डोळा हलवायचा नाही. ढग आला तर काच झाकायची, गेला की पुन्हा उघडायची. चूक झाली की नाही, हे पहाटे काच धुवेपर्यंत कळत नाही.

१८८७ आणि १८८८ या वर्षांत रॉबर्ट्स यांनी देवयानीवर अनेक काचा खर्च केल्या. त्यांतील जी जगप्रसिद्ध झाली ती २९ डिसेंबर १८८८ च्या रात्रीची. चार तास ती उघडी होती.

त्या काचेवर मेणबत्तीची ज्योत नव्हती. मध्ये दाट तेजाचा गाभा, आणि त्याभोवती गुंडाळत गेलेली तेजाची वळणे. तिरकस धरलेल्या भोवऱ्याकडे पाहावे तशी. बाँड यांचे ते दोन काळे कालवेही तेथे होते, परंतु आता ते सरळ नव्हते. दोन वळणांच्या मधली काळी फट, एवढाच त्यांचा अर्थ निघाला. चित्रात ती गाभ्याभोवती पुरी वळसा घालून गेलेली दिसत होती. वळणाचा फार तर चतुर्थांश भाग डोळ्याला दिसे, आणि वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळच भासतो. बाँड यांनी पाहिले ते खरे होते. अपुरे होते, इतकेच.

रॉबर्ट्स यांची चित्रे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे आली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात एकच नाव आले: लाप्लास. सूर्यमाला ही फिरणाऱ्या वायुमेघातून, त्याची कडी सुटत सुटत निर्माण झाली, हे लाप्लासचे मत त्या वेळी शंभर वर्षांचे होत आले होते आणि सर्वांच्या अंगवळणी पडले होते. आता समोर गोल फिरणारा मेघ होता, त्याला कडी होती, आणि जवळ दोन लहान तेजोगोल होते. ते नव्या ग्रहांसारखे वाटावेत, यात नवल नाही. रॉबर्ट्स यांनाही तसेच वाटले. दूरवर कोठेतरी एक नवी सूर्यमाला जन्माला येत आहे आणि काचेने तिला जन्मताना पकडले आहे, अशी सर्वांची समजूत झाली.

समजूत चुकीची होती. काच मात्र चुकलेली नव्हती. ज्याला एका सूर्याचे बाळरूप समजले गेले, त्यात कोट्यवधी सूर्य होते. ज्यांना ग्रह मानले, त्या दोन लहान दीर्घिका होत्या. तेव्हाच्या विद्वानांना यासाठी हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढे एक अवघड साक्षही होती. १८८५ च्या ऑगस्टमध्ये याच तेजोमेघाच्या गाभ्याजवळ एक नवा तारा उगवला होता आणि नुसत्या डोळ्याच्या मर्यादेपर्यंत तेजस्वी झाला होता. तेजोमेघ जर फार दूर असेल, तर तो एकच तारा असंख्य सूर्यांइतका प्रकाश टाकीत होता असे मानावे लागले असते, आणि ही गोष्ट कोणाही शहाण्या माणसाला अशक्य वाटली असती. तारे असे स्फोट पावू शकतात, हे ज्ञान पुढच्या शतकाचे आहे. १८९९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे शाइनर यांनी साडेसात तास काच उघडी ठेवून देवयानीचा वर्णपट मिळवला. तो वायूचा नव्हता, सूर्यासारख्या ताऱ्यांचा होता. हा पुरावा स्पष्ट होता, पण चित्राचा मोह त्याहून बलवान ठरला.

त्याच काळात आपल्याकडे पुण्यासही एक वेधशाळा उभी राहत होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली, आणि प्रा. कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी तिचा भार वाहिला. तेथेही पुढे ग्रब यांचीच वीस इंची परावर्तक दुर्बीण होती. मगलच्या दुर्बिणीची ती बहीणच म्हणावी. नेगामवाला यांचे लक्ष मुख्यतः वर्णपटाकडे आणि सूर्याकडे होते. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाविषयीची त्यांची निरीक्षणे १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूरकडील जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकॅनलला गेली. एका माणसाच्या आस्थेवर उभे असलेले काम त्याच्याबरोबरच संपावे, हे आपल्याकडे पुष्कळदा घडते.

रॉबर्ट्स यांचे काम तसे संपले नाही. १८९० मध्ये ते धुरकट लिव्हरपूल सोडून ससेक्समधील क्रोबरो येथील उंचवट्यावर गेले. घराला नाव दिले ‘स्टारफील्ड’, ताऱ्यांचे शेत. तेथून त्यांनी शेकडो काचा जमवल्या आणि १८९३ व १८९९ मध्ये त्यांतील निवडक चित्रांचे दोन ग्रंथ काढले. १८९५ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्या वर्षी सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते नॉर्वेला निघाले असता त्यांची डोरोथिया क्लुम्पके यांच्याशी भेट झाली. या मूळच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या. पॅरिसच्या वेधशाळेत तारापत्रिकांच्या मोजणीचा विभाग सांभाळणाऱ्या विदुषी. १९०१ मध्ये दोघांचा विवाह झाला. तेव्हा रॉबर्ट्स बहात्तर वर्षांचे होते. १७ जुलै १९०४ रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी एक निराळे काम हाती घेतले होते. विल्यम हर्शेल यांनी शतकापूर्वी आकाशातील बावन्न जागी फिकट तेजोमेघ पसरलेले पाहिल्याचे लिहून ठेवले होते. रॉबर्ट्स यांनी त्या साऱ्या जागांची चित्रे घेतली आणि केवळ चार ठिकाणीच तेजोमेघ असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील बार्नार्ड यांना हे मान्य झाले नाही, आणि त्यांचा आक्षेप योग्यच होता. विस्तीर्ण पसरलेला मंद प्रकाश पकडण्यास दुर्बीण मोठी असून भागत नाही. व्यासाच्या मानाने नाभ्यंतर लहान असावे लागते. अशा कामात एखादे लहानसे तसबिरी घेण्याचे भिंगही वीस इंची आरशावर मात करू शकते.

दरम्यान कॉमन यांची छत्तीस इंची दुर्बीण हॅलिफॅक्सच्या क्रॉसली नावाच्या गृहस्थाकडून कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला पोचली होती. तेथे जेम्स कीलर यांनी १८९८ नंतरच्या दोन वर्षांत तिच्यातून इतके सर्पिल तेजोमेघ टिपले की आकाशात असे एक लाख वीस हजार तेजोमेघ तरी असावेत, असा त्यांनी अंदाज केला. एवढ्या सूर्यमाला एकाच वेळी जन्मत आहेत, हे आता पचणे कठीण होते. १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवर एडविन हबल यांनी शंभर इंची दुर्बिणीने देवयानीची काच घेतली. तिच्यावरील एका ताऱ्यापाशी त्यांनी प्रथम नवताऱ्याची खूण केली, नंतर ती खोडून तो रूपविकारी असल्याचे लिहिले. त्या ताऱ्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर निघाले: सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आजच्या मानाने ते फारच कमी, परंतु देवयानीला आपल्या आकाशगंगेच्या सीमेबाहेर घालवण्यास पुरेसे. देवयानी ही तारकांची स्वतंत्र संहती आहे, हे सांगणारा हबल यांचा सविस्तर निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डोरोथिया रॉबर्ट्स यांनी आपल्या दिवंगत पतीच्या त्या बावन्न प्रदेशांच्या काचांचा संग्रह छापून काढला.

आज काचेची जागा विजेवर चालणाऱ्या संवेदकाने घेतली आहे, पहारा देणारा डोळा यंत्राचा आहे, आणि मगलच्या चित्राहून सरस चित्र कोणाही हौशी माणसाला गच्चीवरून घेता येते. या तेजोमेघाची चित्रे इतकी झाली की त्यात पाहण्यासारखे आणखी काही उरले असेल, असे कोणास वाटले नसते. २०२२ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्स व जर्मनीतील तीन हौशी छायाचित्रकारांनी सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीला ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या प्रकाशापुरती चाळणी लावली आणि अनेक रात्रींचा प्रकाश एकत्र केला. तो एकूण शंभराहून अधिक तासांचा झाला. देवयानीच्या आग्नेयेस त्यांना एक निळसर कमान दिसली. लांबी दीड अंश, म्हणजे तीन पूर्ण चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. मोठमोठ्या दुर्बिणींच्या नजरेतून ती निसटली होती. जानेवारी २०२३ मध्ये तिची रीतसर नोंद प्रसिद्ध झाली. ती कमान खरोखर देवयानीपाशी आहे, की आपल्याच आकाशगंगेतील एखादा जवळचा वायुमेघ योगायोगाने त्या दिशेला आडवा आला आहे, याविषयी ज्योतिर्विदांत अद्याप वाद चालू आहे.